माहेरावरून येणारं पाणी

१९ मे
आईच्या डोळ्यांचे थेंब द्यायला माहेरी गेले. जेवण झाल्यावर सहज नदीकडं चक्कर मारली. पाय तिथंच थांबले. काठावर काहीच नाही. करंज, दोन उंबर, बाभळी, शिंदीची झाडं, त्यांच्या खालचं कमरेएवढं गवत, सगळं साफ. जेसीबी अजून उभाच होता. वावर नांगरून थेट पाण्यापर्यंत नेलेलं. ओढापण सरळ करून टाकला. पूर्वी वळणं घेत, डबक्याडबक्यानं यायचा. आता नाली झाली, थेट नदीत.

सुधाकरला म्हणलं, काहून केलं रे? धाकटा भाऊ, मी कडेवर घेऊन वाढवलेला. म्हणाला, "गवतानं कुणाचं पोट भरतं, ताई? हळदीचे बेड वाढतेत." आई ओसरीवर ऐकत बसली होती. मी चहा पिऊन निघाले.

राग आला तो परतीच्या जीपमध्ये. तिथंच का नाही आला.

२० मे
यांना सांगितलं. हे म्हणाले, त्याचं वावर, त्याची मर्जी. म्हणलं, बाबा गेल्यापासून सातबाऱ्यावर माझं आन् आईचं पण नाव आहे. हे हसले. नाव असणं वेगळं आन् वावर असणं वेगळं, म्हणाले.

१५ जून
दोनदा जोराचा पाऊस झाला. आज नळाला चहासारखं पाणी. आमच्या गावची नळाची विहीर नदीला लागूनच, कयाधूचंच पाणी वाळूतून झिरपून येतं. दरसाल गढूळ व्हायचं, पण निवळायचं. यंदा हंडा भरून ठेवला तर खाली बोटभर गाळ, आन् वरचं पाणी तरी तसंच गढूळ. तुरटी फिरवून हात दुखला.

पंचायतीचं पाणी सोडतात ते फारूकभाई विहिरीत टीसीएल पावडर टाकून आले. म्हणाले, गाळच एवढा है की पावडर टाकून काही फायदा न्हाई, पर टाकनं पडतं.

ही माती कुठली हे मला वेगळं कुणी सांगायची गरज नाही. माहेर सेनगाव तालुक्यात, नदीच्या वरच्या अंगाला. सासर खाली, नरसीच्या अलीकडं. तिकडं जे सुटतं ते हिकडं माझ्या हंड्यात येतं.

२३ जून
माझ्या अंगणवाडीत आज निम्मीच लेकरं. बाकीची जुलाबानं घरी. आशाताई घरोघर ओआरएस वाटत फिरली. पर्यवेक्षिका मॅडमचा फोन, वजनं आजच्या आज मोबाईलवर भरा. भरते ना. लेकरं काट्यावर उभी राहिली तर भरते.

२७ जून
रेहानाची आयत हिंगोलीला ॲडमिट. माझ्या अंगणवाडीतली सगळ्यात बोलकी पोरगी. अंगणवाडीच्या भिंतीला लागूनच रेहानाचं घर. सकाळी रेहाना तिला खांद्यावर टाकून आली तेव्हा लेकराचे डोळे आत गेलेले, जीभ कोरडी. शेजारच्या ऑटोत बसवून दिलं. संध्याकाळी दवाखान्यात गेले. सलाईन चालू. रेहाना मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "उकळूनच देत होते बाजी. दर टायमाला कुठं व्हतं?"

तिला काय सांगू. तिची चूक नाही, हे सांगितलं. कुणाची आहे हे तोंडातून निघालं नाही.

३ जुलै
पाण्याचा रिपोर्ट आला. पिण्यास अयोग्य. ग्रामसेवकानं कागद बोर्डावर लावला आन् गेला. बोर्डाच्या खालीच नळ आहे. बाया कागदाखाली हंडे भरत होत्या. मी पण भरला. दुसरं कुठं जायचं?

आयत घरी आली. वजन केलं. मागच्या महिन्यात वजनाच्या तक्त्यात हिरव्या रेषेवर होती, आता खाली. आकडा भरताना बोट थांबलं. मग भरला. खोटं भरून काय करू.

५ जुलै
सुधाकरला फोन केला. ठरवून केला, म्हणजे ओरडायचं ठरवून. सगळं सांगितलं. लेकरं, आयत, रिपोर्ट. तो ऐकत होता, मग त्याचा पण आवाज चढला. "नदीला माझ्या एकट्याचंच वावर लागून हाय का? वरलं गायरान सारं खोदून मुरूम नेला लोकायनं. वीटभट्ट्या हायत. वावरं मोडून प्लॉट पाडून राहिले. ते कुणी दिसत न्हाईत, तुला मीच दिसतो." आन् शेवटी, "दाजीच्या वावरात जाऊन बघ एकदा." फोन ठेवला.

खरंच आहे ते. म्हणून जास्त चीड आली. जो तो वरच्याकडं बोट दाखवतो. वरचा त्याच्या वरच्याकडं. अशानं बोट डोंगरापर्यंत जाईल, तिथं कुणीच सापडणार नाही.

६ जुलै
गेले. आमच्या वावरात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नदीच्या टोकापर्यंत मी कधी जात नव्हते, निंदण असली तरी वरच्या तुकड्यात.

काठावरचं गवत जळून पिवळं पडलंय. तणनाशक. पाण्यात रिकामा डबा अर्धा बुडलेला. फवाऱ्याचा पंप नदीतच धुतात हे, दगडावर पांढरे ओघळ दिसत होते.

घरी आल्यावर डबा यांच्यासमोर ठेवला. हे म्हणाले, सगळेच करतात, निंदायला बाया भेटत नाहीत, आन् एवढ्याशा डब्यानं नदी बिघडत नसते. म्हणलं, आपल्याखालच्या गावात पण अंगणवाडी हाय. तिथं पण माझ्यासारखीच कुणीतरी वजनं करत असंल.

मी भाकरी वाढून बाहेर येऊन बसले.

११ जुलै
यांनी वावरात वरच्या धुऱ्याला, बांधाजवळ खड्डा घेतलाय, पंप तिथं धुवायला. मला सांगितलं नाही. सासूबाई बोलून गेल्या. मी पण विचारलं नाही.

९ ऑगस्ट, राखी
सुधाकर आला. आईला पण घेऊन आला, तेव्हाच मनात शंका आली होती. राखी बांधली. पुरण शिजत होतं. मग त्यानं पिशवीतून कागद काढला. हक्कसोडपत्र. नदीच्या बाजूला हळद शिजवायचं आन् पॉलिश करायचं शेड टाकायचंय, भागीदार मिळालाय, बँकेला सातबारा एकाच्याच नावावर पाहिजे. माझी सही झाली की झालं. आई सही करायला तयार आहे.

मी एवढंच विचारलं, हळद धुतलेलं, शिजवलेलं पाणी कुठं सोडणार?

"नदी हाय की."

असं म्हणाला. जसं कुणी म्हणावं, उकिरडा हाय की. ज्या नदीत पोहायला शिकला ती. माझा हात धरून शिकला. पेन त्याच्या हातात परत दिला. सही करत नाही म्हणलं. काठावर झाडं होती तिथपर्यंत वावर मागं घे, तिथं काही पेरू नको, शेड रोडच्या बाजूला टाक, मग कुठं म्हणशील तिथं सही करते.

सुधाकर उठला. न जेवता निघाला. राखी हातात तशीच. आई त्याच्या मागं निघाली, दारात थांबून म्हणाली, "भावाचं तोडून कोणती पोरगी सुखी झाली?"

पुरण तसंच राहिलं. रात्री यांनी आन् सासूबाईंनी खाल्लं. मी नाही खाल्लं.

१२ ऑगस्ट
आईचा फोन. रडली. बाबा असते तर असं झालं नसतं, म्हणाली. मला पण तेच वाटतं, पण उलट्या बाजूनं. बाबा बैलांना त्या काठाच्या गवतावर सोडायचे. काठाला नांगर लावू द्यायचे नाहीत. हे तिला आठवत नाही? आठवतं. पोराविरुद्ध आठवत नाही एवढंच.

आई, तू म्हातारी झालीस म्हणून मी गप्प बसणार नाही. हे फोनवर म्हणले नाही. इथं लिहिते.

२२ ऑगस्ट
पोळा. बैल कुणाकडं राहिलेत आता, पाचसहा जोड्या असतील गावात. नदीवर धुवायला नेले तर एका बैलाच्या अंगावर गांधी उठल्या, असं सांगत होते. पाण्यानं की कशानं, कोण तपासणार.

रेहाना आता जारचं पाणी घेते. आयतपुरतं. मोठी माणसं नळाचंच पितात.

१६ सप्टेंबर
तीन दिवस सतत पाऊस. काल पुरात नळाची विहीर बुडाली. आज पाणी उतरलं तर विहीर गाळानं भरलेली. मोटार आत. फारूकभाई काठावर उभे होते, हातात कुलूप, कशाला लावायचं ते कळत नव्हतं त्यांना. वरून झाडं नाही आली वाहून. पूर्वी पुरात झाडं यायची, काटक्या, पालापाचोळा यायचा. यंदा नुसती माती. काळी, भुसभुशीत, खताच्या वासाची. लोकांची वावरं आली वाहून.

अंगणवाडी बंद. आत गुडघ्याएवढा चिखल. पोषण आहाराची पाकिटं सगळी गेली.

२० सप्टेंबर
टँकर सुरू. आज ग्रामसभा झाली. नवी विहीर कुठं घ्यायची, यावरच सगळे बोलत होते. मी उठले. बाया उठत नाहीत सभेत, सेविका तर नाहीच, पण उठले. म्हणलं, विहीर कुठंही घ्या, काठावर गवत आन् झाड नसंल तर तिच्यात पण मातीच येणार. प्रत्येकानं नदीला लागून थोडा तुकडा मोकळा सोडायचा, तिथं नांगर न्हाई, फवारा न्हाई, असा ठराव करा आन् वरच्या गावांना पण पाठवा.

मागून कुणीतरी म्हणालं, बाई, आधी तुमच्या भावाला सांगा. हसले लोक. ज्यांची लेकरं जुलाबानं माझ्या मांडीवर निजली होती, ते पण हसले.

म्हणलं, "भावाला सांगितलं. नवऱ्याला बी सांगितलं. आता तुमाला सांगून राहिले."

हात वर करा म्हणल्यावर रेहाना, आशाताई आन् दोन म्हाताऱ्या. बाकी कुणी नाही. हे मागं बसले होते, चपलेकडं बघत. ठराव पडला. ठराव पडला असं पण लिहिलं नाही, "चर्चा झाली" असं लिहिलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, मी पुढच्या सालापासून काठ सोडणार हाय, पर सभेत सांगणार न्हाई. म्हणलं, का? म्हणाले, लोक म्हणतेन बायकोचं ऐकतो.

काठ सुटतोय हे बरं. पण चोरून सुटतोय.

२७ सप्टेंबर
माहेरी गेले. न सांगता. सरळ वावरात.

काठ गेलाय. झाडं काढली होती तेवढा सगळा पट्टा तुटून नदीत. कड्यावर हळदीची झाडं मुळं उघडी पडून लोंबकळत होती, ठिबकच्या नळ्या हवेत. शेजारच्या वावराच्या काठाला झाडं तशीच ठेवली होती, तिथं एक ढेकूळ हललं नव्हतं. दोन्ही वावरं एकमेकांना लागून. आंधळ्याला पण दिसंल.

सुधाकर कड्यावर बसला होता. माझ्याकडं बघितलं, मग शेजारच्या काठाकडं, मग खाली. वाळलाय. वाईट वाटलं. वाईट वाटलं याचाच राग आला, कारण मी भांडायला गेले होते.

काहीच न ठरवता म्हणून गेले, वाटणी करून टाक. माझ्या हिश्श्याला हा काठ दे. दुसरं काही नको.

तो पहिल्यांदा समजलाच नाही. मग म्हणाला, "खड्डा घेतीस? काय पिकवशील इथं?"

"काहीच न्हाई."

हसला. लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच की मला कळलं, यात त्याला आपला फायदा दिसला. चांगलं वावर सगळं त्याला, बहिणीला नदीतली माती. मग शेडच्या कागदावर सही करशील ना, म्हणाला. म्हणलं, काठ माझ्या नावावर चढल्यावर. आन् शेड रोडच्या बाजूला. त्यावर तो हो पण म्हणाला नाही आन् नाही पण.

आईनं घरी गेल्यावर चहा दिला. काठाचं विचारलं नाही. मी गेल्यावर सुधाकरला विचारलं असंल.

२८ सप्टेंबर
आज हे पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. लग्नापासून पहिल्यांदाच. चांगलं वावर सोडून वाहून गेलेली जमीन मागून घेतली, लोक काय म्हणतील, तुझं डोकं फिरलंय. सासूबाई पण त्यांच्या बाजूनं. मी भांडी घासत राहिले. एक बोलले, तुमाला माझ्या माहेरची जमीन पायजे होती का नदीचं चांगलं पाणी? हे उठून गेले.

ते रागानं बोलले. पण त्यांचं पण बरोबर आहे थोडं. एवढ्याशा काठानं नदी सुधरत नाही. मलाच कळतं ते. वर गायरान उघडं पडलंय, भट्ट्या आहेत, प्लॉट आहेत. पण माझ्या हातात एवढंच येतंय तर तेवढं तरी का सोडू?

९ ऑक्टोबर
सेनगावला तहसीलला गेलो. मी, सुधाकर, आई. वाटणीचा अर्ज. तिघांच्या सह्या. बाबू चांगला माणूस असावा, त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम, तुम्हाला समजलंय ना, ही जमीन नदीत जाते? समजलंय म्हणलं. पुन्हा विचारलं. मग सुधाकरकडं असं बघितलं की त्यानं मान फिरवली.

त्याला लाज वाटली ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

येताना एकाच जीपमध्ये होतो. आई मधी.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सुधाकर आला नाही. फोन पण नाही. जीपवाल्याकडून आईनं चिवडा पाठवला. ओवाळणीचं ताट मांडून ठेवलं होतं, दुपारी उचललं.

३ नोव्हेंबर
काठ बघून आले. गवत उगवलंय. तुटलेल्या उतारावर लव्हाळा, खालच्या ओल्या मातीत बोरूचे कोंब. कुणी लावलं नाही, पाणी दिलं नाही. नुसतं कुणी खाल्लं नाही, जाळलं नाही म्हणून आलं. तिथं बसून राहिले बराच वेळ. या वर्षात मला पहिल्यांदा थोडं मोकळं वाटलं.

१२ नोव्हेंबर
मोजणी झाली. मोजणीवाल्यानं यंत्र लावलं, आन् माझ्या हिश्श्याचा एक कोपरा पाण्यातच निघाला. म्हणाला, नकाशात तसंच दाखवावं लागंल. दाखवा म्हणलं. सुधाकर वरच्या बाजूला उभा होता, जवळ आला नाही. हद्दीच्या खुणा चुन्यानं केल्या. दगड नंतर, नकाशा आल्यावर. तोवर काही करू नका म्हणाले.

आमच्याकडं नव्या विहिरीचं काम थांबलंय. टँकर कमी झाले. लोक परत जुन्याच विहिरीचं गाळून पितात. आयतचं वजन थोडं वाढलं. हिरव्या रेषेच्या खालीच आहे अजून.

२१ नोव्हेंबर
गेले होते. गवत जळालंय.

उतारावरचं सगळं. लव्हाळा, बोरू, वरून खालपर्यंत पिवळा. फवारलंय. चुन्याची खूण पण पुसून गेली, पाऊस नव्हता तरी. हात लावला तर पात्याचा चुरा झाला. खाली पाण्याच्या कडेला दोन मासे उलटे पडले होते.

तिथूनच फोन लावला. उचलला त्यानं. म्हणलं, तू मारलंस का गड्याकडून? म्हणाला, "तुजा तुकडा कुठून कुठवर, मला दिसून न्हाई राहिला, ताई. गड्याला काय दिसंल? दगड रोव."

राखीनंतर पहिल्यांदा ताई म्हणाला. खरं बोलला का टोमणा मारला, तेच कळलं नाही. आवाजावरून तर थकल्यासारखा वाटला. आईनं मागून काहीतरी विचारलं, मग फोन कट.

इतकी चीड आली की रडू पण आलं नाही.

२२ नोव्हेंबर
यांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं. म्हणाले नाहीत. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, दगड किती लागतील? म्हणलं, नकाशा आल्याशिवाय रोवायचे न्हाईत म्हणे. नकाशा कधी येईल, म्हणाले. कोण सांगतंय ते.

नकाशा येईपर्यंत सुधाकरचे गडी फवारत राहतील. मी मोजणीच्या वेळी तिथंच होते, रेषा कुठून गेली ते मी बघितलंय. परवा टेम्पोनं दगड नेणार. हे येतो म्हणाले, सासूबाईंना सांगू नको म्हणाले. रोवते. मग बघू कोण उपटतं.